पाण्यातले बाळंतपण आणि हरवलेली वैजीण

बाळंतपण अडले की देव्हाऱ्यातील देव पाण्यात घालावयाचे, अशी आमच्या पेडणे महालातील जुन्या घरांची रीत होती. तांब्याच्या पातेल्यात देव बुडवून ठेवीत आणि बाई सुखरूप मोकळी झाल्याची वर्दी आतून आली की त्यांना बाहेर काढून, पुसून, गंधफूल वाहून पुन्हा जागेवर बसवीत. घरावरचे संकट घरच्या देवानेही थोडे सोसावे, एवढाच त्यामागचा भोळा हिशेब असावा. त्याच घरांतील नाती आता म्हणू लागल्या आहेत की देवांना देव्हाऱ्यात स्वस्थ बसू द्या, बाळंतपणाला आम्हीच पाण्यात बसतो. हे ऐकून वडीलधारी मंडळी दचकतात. काहींना हे परदेशी खूळ वाटते, तर काहींना पोर बुडून जाईल अशी धास्ती वाटते. गेली काही वर्षे आम्ही या विषयावर मिळेल ते वाचीत आलो आहोत. वाचता वाचता ध्यानात आले ते असे की हा प्रश्न पाण्याचा जितका आहे, त्याहून अधिक तो बाळंतिणीच्या उशाशी कोण बसते याचा आहे.

आधी पाण्यातले बाळंतपण म्हणजे काय ते सांगावयास हवे. देहाच्या उबेइतक्या कोमट पाण्याने भरलेल्या मोठ्या कुंडात स्त्रीने कळांच्या काळात बसावयाचे. पाणी छातीपर्यंत यावे लागते, म्हणून कुंडात साधारण पाचशे ते सातशे लिटर पाणी लागते. त्याची ऊब ३६ ते ३७.५ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राखावयाची आणि तासातासाने तपासावयाची. पाणी फार तापले तर आईचा ताप वाढतो आणि पोटातील बाळाच्या हृदयाचे ठोकेही वाढतात. आमच्या आजीने भाणातले पाणी कोपर बुडवून पाहिले असते. इंग्लंडातील सुईण तापमापक बुडवून पाहते. काही स्त्रिया केवळ कळा सोसण्यापुरत्या पाण्यात बसतात आणि जन्माच्या वेळी बाहेर येतात. काही जणी पाण्यातच प्रसूत होतात. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि वैद्यकीय मत समजून घेताना हा भेद विसरून चालत नाही.

बाळ गुदमरत कसे नाही, ही शंका प्रत्येकाला येते. जन्माच्या क्षणापर्यंत बाळाला प्राणवायू मिळतो तो नाळेतून. नऊ महिने ते पाण्यातच असते. हवेचा गारवा चेहऱ्याला लागला, बाहेरच्या जगाचा स्पर्श झाला की पहिला श्वास घेतला जातो. म्हणून बाळ बाहेर येताच काही क्षणांत त्याला अलगद पाण्यावर आणून आईच्या छातीशी धरावयाचे आणि एकदा वर आलेले तोंड पुन्हा पाण्यात जाऊ द्यावयाचे नाही, हा नियम कटाक्षाने पाळतात. मात्र पोटात आधीच गुदमरलेले बाळ पाण्यातच श्वास घेऊ पाहील. त्यासाठी त्याच्या हृदयाचे ठोके वारंवार ऐकणारे जाणते माणूस शेजारी असावेच लागते. जुळी, पायाळू किंवा अपुऱ्या दिवसांचे मूल, आईचा वाढलेला रक्तदाब, अंगात ताप, अंगावरून रक्त जाणे, अशा अवस्थेत हा मार्ग वर्ज्यच मानला जातो.

या पद्धतीचा युरोपातील पहिला लेखी दाखला फ्रान्समधील आहे. १८०३ मध्ये एक बाई दोन दिवस अडून राहिली होती. तिला आराम पडावा म्हणून वैद्याने कोमट पाण्याच्या न्हाणीत बसविले आणि ती तेथेच प्रसूत झाली. म्हणजे आरंभी हे ठरवून झालेले नव्हते. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रशियात इगोर चार्कोव्स्की याने पाण्यातील जन्माचे प्रयोग केले. फ्रान्समधील पिथिव्हिए या लहान गावच्या सरकारी इस्पितळात डॉ. मिशेल ओदाँ यांनी कळांच्या वेदना कमी व्हाव्यात म्हणून खोलीत पाण्याचे कुंड ठेवले. काही स्त्रियांना पाण्यातून बाहेर यावेसेच वाटेना आणि बाळे तेथेच जन्मू लागली. अशा शंभर जन्मांचा वृत्तांत ओदाँ यांनी १९८३ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यांच्या दृष्टीने कुंड हे साधनच होते. मंद उजेड, शांतता आणि घाई न करणारी सुईण यांना ते अधिक महत्त्व देत. १९९२ मध्ये ब्रिटिश संसदेच्या आरोग्यविषयक समितीने, जेथे शक्य असेल तेथे इस्पितळांनी अशा कुंडाची सोय द्यावी, अशी शिफारस केली आणि ही गोष्ट तेथील सरकारी व्यवस्थेत रुळली.

आमच्याकडे ती आली समुद्राच्या वाटेने. मोरजी, मांद्रे, हरमल या किनाऱ्यावरच्या गावांत हिवाळ्यात येऊन राहणाऱ्या परदेशी कुटुंबांनी आपल्याबरोबर आपली जीवनपद्धतीही आणली. बार्देशातील आसगावसारख्या गावी पाण्यातील बाळंतपणाची सोय उपलब्ध झाली. अभिनेत्री कल्की कोएचलिन हिने अशा बाळंतपणासाठी गोव्याची निवड केल्याची बातमी २०१९ मध्ये वृत्तपत्रांत झळकली, तेव्हा आमच्या घरांतील चहाच्या बैठकीतही हा विषय निघाला. ‘कोची आणि हैदराबाद येथेही हे करतात,’ असे तरुण मंडळींनी सांगितले. वडीलधाऱ्यांनी मान हलविली. आमचे पूर्वज घाट उतरून किंवा सावंतवाडीच्या बाजूने या महालात येऊन वसले. इस्पितळे दिसण्यापूर्वी कितीतरी पिढ्या त्यांच्या लेकीसुनांनी काळोख्या बाळंतखोलीत दिवस काढले होते. त्या अनुभवाचे काय, असा त्यांच्या मान हलविण्याचा अर्थ होता.

तो अनुभव आम्ही थोडाफार डोळ्यांनी पाहिला आहे. माजघराला लागून असलेली लहानशी खोली, जमिनीवर पसरलेले गोणपाट, कोपऱ्यात शेगडी आणि परसात चुलाणावर चढलेले पाण्याचे भाण. गावची वैजीण येऊन ओटीवर पान खात बसे. पोर्तुगीज अमदानीत सरकारमान्य सुइणीला ‘पार्तेइरा’ म्हणत आणि १८४२ मध्ये पणजीस स्थापन झालेल्या वैद्यकीय विद्यालयात तिला शिकवीत. परंतु आमच्या वाड्यापर्यंत पार्तेइरा क्वचितच पोहोचे. वैजीण मात्र हाकेच्या अंतरावर असे. तिला लिहितावाचता येत नसे, घड्याळ कळत नसे, त्यामुळे घाईही नसे. बाईला चालावयास लाव, खांबाला धरून उकिडवी बसव, कमरेवर गरम पाण्याची धार सोड, तेल चोळ, असे तिचे चाललेले असे. या साऱ्याहून मोठी गोष्ट म्हणजे ती उठून जात नसे. रात्र सरली, दुसरा दिवस उजाडला, तरी ती तेथेच असे. आमच्या घरच्या बायकांना वैजिणीच्या हातापेक्षा तिच्या बसण्याचाच आधार अधिक वाटे.

१९६९ च्या पावसाळ्यात आमच्या धाकट्या आत्याचे बाळंतपण अडले. शापोरा नदीवर चोपडे आणि शिवोली यांना जोडणारा पूल तेव्हा झालेला नव्हता. म्हापशाच्या आसिलो इस्पितळात न्यावयाचे तर नदी होडीने ओलांडणे भाग होते. डोलीतून चोपड्याच्या धक्क्यावर आणलेली आत्या होडीत बसली आणि भर पात्रात, वैजिणीच्या मांडीवर, मुलगा जन्मला. पाण्यात नव्हे, पण पाण्यावर. बारशाला भटजींनी यमुनेच्या बेटावर जन्मलेल्या व्यासांची आठवण काढून ‘द्वैपायन’ हे नाव सुचविले. आत्याने ते हाणून पाडले आणि आजोबांचे नाव ठेवले. हा प्रसंग आमच्या कुटुंबात आजही हसत हसत सांगितला जातो.

दुसरा प्रसंग कोणी सांगत नाही. आमच्या थोरल्या काकूंना तिसऱ्या खेपेस रक्तस्राव थांबेना. वैजीण तीच होती, हात तेच होते, आणि त्यांची विद्या तेथे संपली. नदीला पूर होता, रात्रीची होडी सुटणे शक्य नव्हते. पहाटे होडी सुटली तेव्हा काकू उरल्या नव्हत्या. आमच्या आजीला नऊ मुले झाली, त्यांतील पाच जगली. जुन्या बाळंतखोलीविषयी हळवेपणाने लिहिणाऱ्यांनी असे आकडे आपापल्या घरात विचारून पाहावेत. त्या काळी पाणी हे बाळंतीण आणि वैद्य यांच्यामध्ये आडवे पसरलेले असे. त्यात ऊब शोधण्याची कल्पना कोणाला सुचली नाही यात नवल नाही.

त्यानंतर पूल झाले, रस्ते झाले. पेडणे आणि डिचोली येथे सामाजिक आरोग्य केंद्रे उभी राहिली. बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय तासादीड तासाच्या वाटेवर आले, २००८ पासून ‘१०८’ ची रुग्णवाहिका दारात येऊ लागली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) गोव्यातील ९९ टक्क्यांहून अधिक बाळंतपणे इस्पितळांत झाल्याचे दिसते. काकूंसारख्या बायका आता रात्रभर होडीची वाट पाहत नाहीत. हे मोठे पुण्यकर्म आहे आणि सरकारी सेवेत आयुष्य काढलेल्या आमच्यासारख्याला त्याचा अभिमान वाटतो.

मात्र त्याच पाहणीतला दुसरा आकडाही वाचावा लागतो. गोव्यात शंभरांतील जवळजवळ ४० बाळंतपणे पोट फाडून झाली. त्याआधीच्या २०१५–१६ च्या फेरीत हे प्रमाण सुमारे ३१ होते. साऱ्या देशाचे प्रमाण २१ ते २२ च्या आसपास आहे. एखाद्या समाजात हे प्रमाण १० टक्क्यांच्या पुढे गेल्याने माता आणि बालके यांचे मृत्यू आणखी कमी होत असल्याचे दिसत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये म्हटले होते. शस्त्रक्रियेने जीव वाचतात यात शंका नाही. काकूंचे प्रकरण वेगळे असले तरी त्या पिढीतल्या कितीतरी जणी तिच्यामुळे वाचल्या असत्या. परंतु आमच्या लेकीसुनांच्या कमरा एका पिढीत इतक्या बदलल्या असतील, हे पटत नाही. उशिरा होणारी लग्ने, वाढलेले वजन, मधुमेह, मुहूर्त पाहून मूल मागणारे आईबाप, अशी अनेक कारणे असतील. त्यांतील एक कारण घाई हेही आहे. गर्भाशयाचे मुख तासाला एक सेंटिमीटर उघडलेच पाहिजे, हा जुना दंडक पुष्कळ स्त्रियांच्या बाबतीत अवास्तव आहे आणि केवळ त्याच्या आधारे हस्तक्षेप करू नये, असे याच संघटनेने २०१८ मध्ये सांगितले. वैजिणीला घड्याळ कळत नसे, असे आम्ही वर लिहिले ते याचसाठी.

घाई नसणे आणि एकटे न सोडणे, या दोन गोष्टी पाण्याच्या कुंडाबरोबर आपोआप येतात. कुंडातील बाईला सलाईनच्या नळीने खाटेला बांधता येत नाही, पाठीवर निजवून ठेवता येत नाही आणि तिला सोडून दुसऱ्या खोलीत जाताही येत नाही. एक सुईण सतत तेथेच लागते. मग गुण पाण्याचा की सोबतीचा? कळांच्या काळात पाण्यात बसलेल्या स्त्रियांविषयीचा कोक्रेन संस्थेचा २०१८ चा आढावा १५ चाचण्यांवर आधारलेला आहे. कंबरेखालचा भाग बधिर करण्याच्या इंजेक्शनची गरज पाण्यामुळे थोडी कमी होते आणि आई किंवा बाळ यांना अपाय झाल्याचे दिसत नाही, असा त्याचा निष्कर्ष. शस्त्रक्रियेच्या प्रमाणात मात्र फारसा फरक नाही. याच संस्थेचा २०१७ चा दुसरा आढावा सोबतीविषयी आहे. १७ देशांतील १५,००० हून अधिक स्त्रियांच्या नोंदी त्यात तपासल्या गेल्या. कळांच्या काळात कोणीतरी अखंड शेजारी राहिले तर नैसर्गिक प्रसूती वाढते, शस्त्रक्रिया घटते आणि कळांचा काळही काहीसा आखूड होतो, असे त्यातून दिसले. हे दोन आढावे शेजारी ठेवून वाचले की वैजिणीच्या पारड्यात वजन पडते.

प्रत्यक्ष पाण्यात जन्म देण्याविषयी मात्र वैद्यांत एकमत नाही. अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये, कळांच्या पहिल्या टप्प्यात निरोगी स्त्रीला पाण्यात बसू द्यावे, जन्म मात्र पाण्याबाहेर व्हावा, अशी भूमिका घेतली. इंग्लंड आणि वेल्समधील २६ सरकारी आरोग्य संस्थांत झालेल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात कोणतीही गुंतागुंत नसलेल्या सुमारे ६०,००० स्त्रियांच्या नोंदी होत्या. पाण्यात राहून प्रसूत झालेल्या आणि बाहेर येऊन प्रसूत झालेल्या स्त्रियांत आई किंवा बाळ यांना अधिक धोका आढळला नाही. नाळ तुटण्याचे प्रमाण पाण्यात अधिक होते, पण तेही शेकडा एकच्या आसपास. मात्र तेथील प्रत्येक कुंडाशेजारी शिकलेली सुईण होती आणि गरज पडली तर डॉक्टरही आवाक्यात होते, हे ध्यानात ठेवूनच हे आकडे आपल्याकडे आणावेत. नुसते टब विकत आणून, चित्रफिती पाहून घरी बाळंतपण करणे ही वेगळीच गोष्ट. २०१८ मध्ये तमिळनाडूतील तिरुपूर येथे असेच चित्रफितींच्या आधारे घरी केलेल्या बाळंतपणात एका तरुण शिक्षिकेचा रक्तस्रावाने मृत्यू झाला. आमच्या काकूंना पूर आडवा आला होता. तिच्या वाटेत असा पूर नव्हता.

पाण्याच्या शुद्धतेचाही विचार हवा. २०१४ मध्ये अमेरिकेतील टेक्सास राज्यात, घरी भरून ठेवलेल्या कोमट कुंडात जन्मलेले एक बाळ पाण्यातील जंतूंच्या संसर्गाने दगावले. त्याच वर्षी इंग्लंडातही, आधीपासून तापवून ठेवलेली कुंडे घरी वापरू नयेत, असा इशारा देण्यात आला. आम्ही सेवेत असताना मे महिन्यात टँकरांच्या याद्या आमच्या टेबलावरून जात. डिचोलीच्या खाणपट्ट्यातील आटलेल्या विहिरी आणि पेडण्यातील टोकाच्या वाड्यांवरचे कोरडे नळ आम्हांला ठाऊक आहेत. ज्या घरात हंडाभर पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते तेथे सातशे लिटर शुद्ध, उबदार पाण्याची गोष्ट कशी करावी?

तीन वर्षांपूर्वी हा विषय आमच्याच घरात आला. आमची पुतणी पुण्याहून पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. तिने पाण्यातील बाळंतपणाची इच्छा बोलून दाखविली आणि घरात दोन तट पडले. तिचे वडील म्हणाले, असले काही चालणार नाही. नव्वदीला टेकलेल्या आमच्या मातोश्री तेवढ्या म्हणाल्या, ‘तिला काय हवे ते आधी नीट विचारा तरी.’ आम्ही विचारले. पुतणी म्हणाली, ‘काका, मला पाण्याचे वेड नाही. माझ्या मैत्रिणीला दहा तास पाठीवर निजवून ठेवले होते, आणि शेजारी कोणी नव्हते. तशी एकटी मी राहणार नाही. पाण्यात निदान कोणीतरी जवळ थांबावेच लागते.’

यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. आम्ही तिच्याबरोबर डॉक्टरांकडे गेलो. त्या इस्पितळात कुंडाची सोय नव्हती आणि ती आहे असे भासविण्याचाही प्रयत्न झाला नाही. पुतणीने मग एकेक गोष्ट विचारली. कळांच्या काळात चालू द्याल का? न्हाणीघरात गरम पाण्याच्या धारेखाली बसू द्याल का? आई किंवा नवरा शेजारी राहील का? आई आणि बाळ ठीक असतील तोवर घाई करणार नाही ना? डॉक्टरीणबाईंनी थोडा विचार करून चारही गोष्टी मान्य केल्या आणि एक अट घातली: बाळाचे ठोके उतरले तर त्या म्हणतील तसे व्हावयाचे. पुतणीनेही ती मानली.

तेरा तास ती चालली, स्टुलावर बसली, पाठीवर गरम पाण्याची धार घेतली. तिची आई आणि एक पोक्त परिचारिका आळीपाळीने तिच्याजवळ होत्या. चौदाव्या तासाला बाळाचे ठोके उतरू लागले आणि अर्ध्या तासात शस्त्रक्रिया झाली. मुलगी सुखरूप जन्मली. घरात काहींनी ‘एवढे करून शेवटी पोट फाडलेच ना’ म्हणून हळहळ व्यक्त केली. पुतणीला मात्र खंत वाटली नाही. ‘मला विचारून केले,’ एवढेच ती म्हणाली. काकूंच्या मृत्यूच्या रात्री जी शस्त्रक्रिया नव्हती ती तिच्यासाठी होती, आणि तिच्या मैत्रिणीला जी सोबत मिळाली नाही तीही तिला मिळाली. या दोहोंपैकी एक निवडावयास लावणे हा अन्याय आहे.

दोन्ही एकत्र देण्याची वाट सरकारनेच कागदावर आखलेली आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने सरकारी इस्पितळांत बाळंतिणीजवळ सोबतीला एका स्त्रीस राहू देण्यास मान्यता दिली. डिसेंबर २०१८ मध्ये सुईणसेवेविषयीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. परिचारिकांना दीड वर्षाचे वेगळे शिक्षण देऊन निरोगी स्त्रियांची बाळंतपणे त्यांच्या हाती सोपवावीत आणि अडचण येताच डॉक्टरांनी हाती घ्यावे, अशी ती योजना आहे. तिचा अर्थ सरळ आहे. वैजिणीचे बसणे आणि डॉक्टरांची शस्त्रक्रिया एका छपराखाली आणावयाची. एखाद्या सुसज्ज इस्पितळात शुद्ध पाण्याचे कुंडही खुशाल असावे, आम्हांला त्याचे वावडे नाही. पण पेडणे-डिचोलीसाठी मागणी करावयाची तर शिकलेल्या सुइणीची मागणी आधी करावी. कागदावर आलेली योजना तालुक्यापर्यंत उतरते ती कोणी पाठपुरावा केला तरच, हे आम्ही नोकरीत अनेकदा पाहिले आहे.

तोवर घरची मंडळी एवढे नक्की करू शकतात. लेक किंवा सून बाळंतपणाला आली की बारशाचा खर्च आणि पत्रिका यांच्या आधी तिला काय हवे ते विचारावे. सातव्या महिन्यातच तिच्याबरोबर डॉक्टरांकडे जावे आणि पुतणीने विचारले ते चार प्रश्न विचारून घ्यावेत. त्यांची अट काय आहे तीही नीट ऐकावी. आणि कळा सुरू झाल्या की घरातील एका बाईने आपली बाकीची कामे दुसऱ्यांवर सोपवून, पदर खोचून तिच्या उशाशी बसावे. वैजीण निघून गेली तेव्हा तिची ती जागा कोणी घेतली नाही. ती अजून रिकामीच आहे.